डाव्या हातमोज्याची सफाई

भाऊजींना सप्रेम नमस्कार.

तुमची पाठदुखी कशी आहे? जाऊबाई गुडघ्याचा पट्टा बांधतात का, की तो अजून कपाटातच विश्रांती घेतो आहे? इकडे आईंची तब्येत ठीक. आवाज तर उत्तम.

तुम्ही ह्यांचं वेल्डिंगचं सामान मागितलंत, ते मागेच पाठवायला हवं होतं. (पडून राहण्यापेक्षा भावाच्या कामी आलेलं बरं, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं.) पण आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याला द्यायची वस्तू आई धुतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. शेजाऱ्यांची शिडीसुद्धा त्यांनी धुऊन परत केली होती. चामडं कसं धुतात हे मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती. हे गेल्यापासून इतक्या दिवसांत तेवढंच काहीतरी करावंसं वाटलं. उजवा हातमोजा साबणाच्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला आणि गच्चीत कडक उन्हात वाळत घातला. संध्याकाळी पाहते तर तो आक्रसून असा ताठ उभा, की मला थांबवायला वाहतूक पोलिसानेच हात केलाय असं वाटावं. आई म्हणाल्या, "असू दे, पाठ खाजवायला होईल." आणि तो खरंच त्यांच्या उशाशी आहे.

ताठ झालं म्हणजे तेल कमी पडलं, असा मी हिशेब केला आणि चामड्याच्या अ‍ॅप्रनला केसांचं तेल चोळलं. चांगलं मुरेपर्यंत. ह्यांच्या वर्कशॉपमधले मिशीवाले फोरमन चौकशीला आले होते, त्यांनी वास घेतला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "वहिनी, हा घालून तुमच्या भाऊजींनी एक ठिणगी उडवली, तर त्यांचाच दिवा पेटेल की हो!" तेव्हा तुमच्या जिवाची काळजी म्हणून अ‍ॅप्रन पाठवत नाही.

मग त्यांनीच नीट समजावलं. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, आणि बोटांत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचं, म्हणजे बोटं सरळ राहतात. मी हेल्मेटचंही विचारून घेतलं. त्याच्या काळ्या काचेतून मी दिवा पाहिला, खिडकी पाहिली, आईंना पाहिलं, काहीच दिसेना. (आई म्हणाल्या, "बरंय, मलाही एक दे.") हे दिवसभर बघत तरी काय होते? फोरमन म्हणाले, ठिणगी पेटली की मगच दिसतं, आणि तेही जोडायचं असेल तेवढंच. ह्यांनी हे मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

हेल्मेट पुसून तयार आहे. डावा हातमोजा झाडून-पुसून झाला, बोळेही करून ठेवलेत. वाळला की दोन्ही पाठवते. जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता.क. डावा हातमोजा येत नाही. हे डावखुरे, वेल्डिंगचा होल्डर त्याच हातात धरायचे. त्यामुळे त्याची बोटं अजून तशीच, अर्धी मिटलेली आहेत. बोळा घातला की ती सरळ होणार. पहिला बोळा अंगठ्यात घातला आणि काढून घेतला. आई बघत होत्या. म्हणाल्या, "तो घरातच राहणार असेल तर धुवायचं काय कारण?"

ता.क. पुन्हा. नुसतं हेल्मेट पाठवायला बरं वाटत नाही. तुमचे स्वतःचे हातमोजे मळले असतील तर घेऊन या. मला आता साफ करता येतात. दोन्ही आणा, आणि वाळेपर्यंत राहायच्या बेताने या. सावलीत वेळ लागतो.