दिवा कोणी सरकवला

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, सिनेमात सासवा, आया आणि आजारी म्हाताऱ्या रंगवून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. सोमवारी माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव राहील का, ते सांगायचं त्यांनी टाळलं. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. या पत्राची अंमलबजावणी माझ्या भाच्याने करावी. लाकडी कपाट, रेडिओ आणि टेबल त्याचं. टेबलाचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा. राहतं घर त्याला मिळणार नाही. तो चिडेल. "आत्या, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची मढी आता कशाला उकरतेस?" असं तो मला तोंडावर म्हणाला आहे. पोरगा वाईट नाही, त्याला फक्त घाई आहे.

कलम २. सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक भंगारात द्यावं. कोणी आठवण म्हणून मागितलं तरी देऊ नये.

कलम ३. हे कलम म्हणजे माझी जबानी आहे. सिनेमा कामगारांच्या संघटनेच्या सभागृहात, चार माणसं जमवून, भाच्याने ती मोठ्याने वाचावी.

मी चौतिसाव्या वर्षी एका चित्रपटात मरणाऱ्या सासूचं काम करत होते. खिडकीच्या पडद्याची सावली माझ्या तोंडावर हलायला हवी, असा दिग्दर्शकांचा हट्ट होता. दिवे सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही सगळे काजवा म्हणत असू. तो शिडीवरून खाली आला. "साहेब, दिवा पडद्याला फार जवळ होतोय. दोन हात मागेच राहू द्या."

"तू दिवे बघ. चित्र मी बघतो," असं म्हणून दिग्दर्शकांनी स्वतःच्या हाताने दिवा पुढे सरकवला. मी पलंगावरून पाहिलं. डोळे अर्धे मिटायचे होते, पूर्ण नाही.

पडदा भपकन पेटला. आवाज येऊ नये म्हणून दार बाहेरून लावलेलं होतं. पडद्यामागे कपडेपट सांभाळणारी बाई माझी शाल घेऊन उभी होती. ती आगीत गेली. मला काजव्याने मागची खिडकी फोडून बाहेर ओढलं. त्याचे दोन्ही तळवे भाजले.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक इस्पितळात आले. "बाई, पुढच्या चार चित्रांत तुमच्यासाठी भूमिका लिहून घेतोय. चौकशीत एवढंच सांगा, दिवा त्याने सरकवला."

घरी खाणारी तोंडं होती, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला कामाची हाव होती.

चौकशीत काजवा समोरच बसला होता, हातांना पट्ट्या. मला म्हणाला, "बाई, नीट आठवून सांगा."

मी म्हटलं, "यानेच सरकवला."

त्याला चार वर्षांची कैद झाली. सुटल्यावर कुठल्याही स्टुडिओने दारात उभं केलं नाही. तो घरोघरी पंखे दुरुस्त करत राहिला आणि अकरा वर्षांपूर्वी वारला. मी बासष्ट चित्रं केली.

या वर्षी मी पोलिसांकडे गेले. कागद उरले नाहीत, म्हणाले. वर्तमानपत्रातली मुलगी आली, तिला जुन्या नायिकांच्या गमती हव्या होत्या. शेवटी दिग्दर्शकांनाच फोन केला. ते म्हणाले, "त्या चित्रात तुम्ही होतात का?" मृत्युपत्र तरी कोणीतरी वाचेल, म्हणून इथे लिहिते.

कलम ४. राहतं घर मी काजव्याच्या बायकोला देते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दोन जिने चढून धाप लागली, तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही पडद्यावर आलात की आम्ही उठून बाहेर यायचो. तो मात्र बसून राहायचा. म्हणायचा, काम चांगलं करते."

मी घराचं बोलले. तिने भांडं उचललं. "नको. तो होता तेव्हा यायचं होतं," एवढं बोलून तिने दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

वकील म्हणतात, ती नकार देईल, म्हणून पुढे दुसरं नाव घाला. मी घालणार नाही.

ते म्हणाले, "बाई, असं कायद्यात बसत नाही. ती नाहीच म्हणाली तर काय करायचं?"

तिला परत विचारा. हात जोडून विचारा. माझ्या आवाजात सांगता येणार नाही, तुमच्या आवाजात सांगा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे.

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: सतरा, शनिवार

सही: (वाकडी आली, तरी माझीच)

आमच्या समक्ष सही झाली:
१. घरी येणारी नर्स
२. तळमजल्यावरचे शिंपी