गुरुवारपर्यंत कार्ड ठेवायचं

प्रिय रंजी,

तुझी चिठ्ठी मंजुनाथनं रिक्षाच्या सीटखालून काढून दिली. वाचायला मला अर्धी दुपार लागली. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला लिहितेस, तर जोडाक्षरं कमी घालत जा. आणि एवढे डोळे फोडून वाचलं तर आत काय? "आई, माझं कार्ड तुझ्या डब्यात आहे, त्याची वर्षाची फी या महिन्यात लागेल, ठेवायचं की बंद करायचं, उगाच त्यांचे पैसे जातील." त्यांचे! ज्यानं लाथ घालून तुझा दात पाडला त्याला अजून 'त्यांचे' लिहितेस. चिठ्ठी चुलीत घालणार होते. मग स्वतःलाच म्हटलं, स्वल्प थांब ठकुबाई, पोरगी मारानं अजून सुन्न आहे.

कार्डाचं मला कळत नाही असं समजू नकोस. इथं कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात भाकरी थापत माझी हयात गेली, आणि हल्ली जेवायला येणारी ऑफिसची पोरं दुसरं काही बोलतच नाहीत. या कार्डाची फी जास्त, त्यावर विमानतळाला फुकट जेवण, त्यावर सिनेमाचं तिकीट. विमानतळावर फुकट खाणारा गडी माझ्याकडे शेंगाचटणी तिसऱ्यांदा फुकट मागतो. त्यातली शाल्मली, नागपूरची, कार्डाच्याच कंपनीत आहे. ती म्हणते, आंटी, हिशोब सोपा आहे, फीपेक्षा जास्त देत असेल तर ठेवा, नाहीतर कात्री लावा. तुझं कार्ड मी तिला मागच्या महिन्यातच दाखवलं होतं. उलटसुलट बघून म्हणाली, हे रंजितादीदीचं नाही, नवऱ्याच्या कार्डाचं पिल्लू आहे. बिल तो भरतो, फी तो भरतो, आणि हे कुठेही टेकवलं की दुकानाच्या नावासकट मेसेज त्याच्या फोनवर.

रंजी, मी तिथंच पिठाच्या हातानं खाली बसले.

आठव. सर्जापूर रोडवरनं तू आलीस तेव्हा एका पायात चप्पल होती आणि ओढणी तोंडात कोंबलेली, रक्त थांबेना म्हणून. तुझ्या लेकीला, चंदनाला त्यानं दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं, एवढंच सांगत होतीस परत परत. मी पैसे देत असताना ऐकलं नाहीस, समोरच्या मेडिकलात स्वतःचं कार्ड टेकवून गोळ्या आणल्यास. आणि दुपार उलटायच्या आत तुझा नवरा, गिरीराज, दारात उभा. आपण म्हणत बसलो, कुणी सांगितलं, कुणी चुगली केली. कुणी नाही गं. त्या गोळ्यांनी सांगितलं.

त्या दिवशी त्यानं आल्या आल्या परात उडवली, ते तू पाहिलंस. तुझे केस मनगटाला गुंडाळून तुला बाहेर ओढायला लागला आणि जेवणारी माणसं ताटातच बघत बसली. मला म्हणाला, "ए भाकरीवाली, मध्ये पडू नको." मी मध्ये पडले नाही. तवा उचलला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. माझ्या तळहाताला फोड आले, पण त्याची कातडी तव्याला चिकटून निघाली. तो वास मला अजून येतो. वाईट वाटतं म्हणशील तर नाही वाटत. वाटलं असतं तर मी आई कसली? नंतर ठाण्यात गेलो तर तिथला म्हातारा हवालदार काय म्हणाला, "अक्का, नवरा-बायकोचं आहे, समजुतीनं घ्या." मी म्हटलं, समजूत तव्यानं घातली आहे, तुम्ही फक्त लिहून घ्या. त्यानं तेवढंही केलं नाही.

आता तुला एक सांगते, रडायचं नाही. मागच्या महिन्यात मी जिन्यावरनं पडले आणि बरगडी मोडली, असं कळवलं होतं. आपल्या खानावळीला जिना कुठं आहे? शाल्मलीनं सांगितल्यावर मला खात्री करून घ्यायची होती. तू तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीत मंजुनाथच्या बहिणीकडे पोचली होतीस. मी तुझं कार्ड घेऊन बाजारात गेले आणि चपला घेतल्या. नंबर-बिंबर काही विचारत नाहीत, थोड्या पैशाला नुसतं टेकवायचं. घरी येऊन चूल पेटवली आणि वाट बघत बसले. आला! पाट्यावरचा वरवंटाच घेतला त्यानं हातात. "कुठं लपवलीस तिला?" मी म्हटलं, जेवणार का जावईबापू, झुणका गरम आहे. त्यानं वरवंटा बरगडीवर घातला. मी खाली पडले आणि पडल्या पडल्या त्याच्या पोटरीचा असा लचका घेतला की माझी दाढ हलली. शेजारच्या मटणवाल्या देवाप्पांनी सत्तूर दाखवला तेव्हा पळाला. श्वास घेताना दुखतं अजून, पण मला पाहिजे होतं ते कळलं.

काय कळलं ते नीट वाच. हा माणूस घरातनंच काम करतो. चंदनाला सोडून दाराबाहेर पाऊल टाकत नाही, कारण त्याला ठाऊक आहे, पोरगी त्याच्याकडे आहे तोवर तू दोरी बांधल्यासारखी परत येशील. वकील केलास, तारीख पुढं गेली. दोनदा मंजुनाथला घेऊन तू त्याच्या बिल्डिंगच्या गेटापाशी गेलीस, दोन्ही वेळा तो गॅलरीत उभा. पण मेसेज वाजला की तो सगळं टाकून उठतो. चपलांनंतर मी बांगड्या घेतल्या. तेव्हाही उठला. मी दुकानाला कुलूप लावून देवाप्पांच्या मागं बसले होते, तो कुलपाला लाथा घालून गेला. तेवढा सगळा वेळ घरात चंदना आणि तिला सांभाळणारी बाई, दोघीच.

त्यानं कार्ड बंद का केलं नाही, हे तुझ्या डोक्यात आलं का? शाल्मलीलाही नवल वाटलं. मला नाही वाटलं. गाईच्या गळ्यातल्या दाव्याचे पैसे गाय देत नाही, मालक देतो. त्याला फी भरायला आनंदच आहे. भरू दे. पण दाव्याला दोन टोकं असतात, आणि आता एक माझ्या हातात आहे.

तुझ्यापासून आणखी एक लपवलं होतं, आता लपवून चालणार नाही. ती सांभाळणारी बाई मंजुनाथच्या बायकोला मंदिरात भेटली. परवा दूध सांडलं म्हणून त्यानं चंदनाच्या गालावर मारलं. पाची बोटं उठली. त्याचा आवाज चढला की पोरगी पलंगाखाली जाते आणि स्वतःचं तोंड स्वतःच दाबून बसते. कुणी शिकवलं तिला ते? तुला बघून शिकली. मी हे ऐकलं आणि त्या दिवशी एकही भाकरी गोल झाली नाही.

म्हणून लिहिते आहे. फोनवर सांगणार नाही, मागच्या वेळी माझा फोन हिसकावून त्यानं सगळे नंबर बघितले होते. येत्या गुरुवारी सकाळी मी बाजारात जाऊन तुझं कार्ड टेकवणार. भांड्यांच्या दुकानात नवा लोखंडी तवा बघून ठेवला आहे, जुन्याला त्याची कातडी लागल्यापासून भाकरी फुगत नाही. मेसेज त्याच्याच पैशानं त्याला जाईल. तू मंजुनाथच्या रिक्षात पडदा ओढून गेटाच्या पुढच्या वळणाला बसायचं. त्याची गाडी बाहेर पडली की वर जायचं, ती बाई दार उघडणार आहे, तसं तिनं कबूल केलं आहे. कपडे नको, खेळणी नको, कागद शोधत बसू नकोस. पलंगाखाली आधी बघ. आणि तिथनं सरळ वकीलबाईंच्या ऑफिसात, माझ्याकडे नाही. माझ्याकडे तो असेल. त्या दिवशी देवाप्पा आणि त्यांची माणसं माझ्याकडे जेवायला आहेत, सत्तूर घेऊन या म्हटलं आहे, मटण आत कापायचं आहे म्हणून. मी मेले तरी तू मागं फिरायचं नाहीस. तुला विचारायचं होतं ना, कार्ड ठेवायचं की कापायचं? गुरुवारी ठेवायचं. शुक्रवारी चंदनाच्या हातात कात्री दे. तू पोरीला घे. त्याला मी घेते.

तुझीच,
तवा तापत ठेवून बसलेली
आई