धाकटीची दुसरी किल्ली

सोमवार, ३ मार्च. सकाळ.

मुलानं नवी गाडी घेतली. ती आणायला शनिवारी आम्हा सगळ्यांना थेट कारखान्यातच जायचं आहे. त्या कंपनीची तशी पद्धतच आहे म्हणे. गाडी घेणाऱ्याला घरच्यांसकट बोलावतात, कारखाना हिंडवतात, जेवू घालतात, तिथल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अर्धा दिवस शिकवतात आणि मग गाडी हवाली करतात. सून सांगत होती, मी पालेभाजी निवडत होते. ड्रायव्हिंग स्कूल ऐकलं आणि मी देठं भांड्यात टाकून पानं कचऱ्यात टाकली. इतका आनंद झाला!

त्याचं कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी शब्द फिरवला तर निदान मला तरी आठवेल. परवा मुलगा जेवताना म्हणाला, नवी आली की जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. मी म्हटलं, धाकटी द्यायची नाही. तर म्हणाला, "आई, ती चालवणार कोण? तुला येते का? आली तर ठेवू, जा." सून हसली. नात पाणी पीत होती, तिला ठसका लागला. हसा. बोलला ना तो? मग झालं.

धाकटी म्हणजे आमची जुनी गाडी. हे तिला धाकटी म्हणायचे आणि मला थोरली. तिला पुसायला ह्यांच्याजवळ मऊ फडकं असायचं, माझा चष्मा मात्र शर्टाच्या टोकाला पुसून द्यायचे. सवतच ती. पण आमचं पटायचं. दर रविवारी ती मला अक्काकडे न्यायची. अक्का माझी थोरली बहीण, नदीच्या पलीकडे राहते, आता पलंगापासून खिडकीपर्यंतच चालते. गेल्या वर्षी हे गेले. तेव्हापासून धाकटी खाली कव्हरात आणि मी वर घरात. मुलगा कधीतरी जाऊन सुरू करून बघतो, लगेच बंद करतो. मला तर तेवढंही कोणी करत नाही.

ठराव: शनिवारी ड्रायव्हिंग शिकणे. येताना धाकटी मीच चालवत आणणे. रविवारी अक्का.

मंगळवार, ४ मार्च.

सराव सुरू. अगदीच कोरं जायला नको. स्टूलवर बसून हातात ताट धरलं, ते स्टिअरिंग. छत्री उलटी करून शेजारी उभी केली, तिची मूठ म्हणजे गिअर. खाली चपला मांडल्या. पेडलं तीन आणि पाय दोन! हे कोणी ठरवलं? इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसले, पण बाहेर दुकानं बघत बसले, खाली पायांकडे कधी बघितलंच नाही.

नात आली. म्हणाली, "आजी, हे काय चाललंय?" म्हटलं, "चौथ्या गिअरमध्ये आहे, बोलू नकोस."

माझी शाळा तिसरीतच सुटली. घरात पाळणा हलत होता आणि हलवायला मीच होते. नाहीतर मी पुढे गेले असते. बाई म्हणायच्या, हिला समजतं सगळं, फक्त ही ऐकत नाही.

बुधवार, ५ मार्च.

आज गाडी चालवली!

दुपारी सगळे बाहेर होते. ह्यांची किल्ली माझ्या बटव्यात असते. धाकटीच्या किल्ल्या दोन, एक मुलाकडे, एक ही. खाली गेले, कव्हर बाजूला केलं आणि ह्यांच्या जागेवर बसले. सीटला एका बाजूला खळगा पडलाय, ह्यांना कलून बसायची सवय. मी त्यात अर्धीच मावले. वास अजून तोच, तपकिरी गोळ्यांचा. खोकल्याच्या.

किल्ली फिरवली. धाकटीनं अशी काही उडी मारली की मी "अगं अगं" म्हणाले आणि ती कचऱ्याच्या डब्यावर जाऊन थांबली. पण पुढे गेली ना! पहिल्या दिवशी इतकं पुष्कळ झालं. वॉचमन धावत आला, म्हणाला, आजी गाडी गिअरमध्ये होती. म्हटलं, मग, गिअरमध्येच चालवायची असते, माहीत आहे मला. डबा जरा चेमटला. तो आधीच चुकीच्या जागी ठेवला होता.

वर येताना खालच्या लाँड्रीवाल्यानं हाक मारली. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, त्यानं दोनदा गाडी विकली आहे. म्हणाला, एक्स्चेंजला दोन्ही किल्ल्या द्याव्या लागतात, एक हरवली तर व्यवहार अडतो. मी नुसतं, कपड्यांना स्टार्च कमी घाला, म्हणाले.

ठराव: बटवा अंगावेगळा न करणे. अंघोळीलासुद्धा दाराच्या कडीला.

अक्काला फोन केला. म्हटलं, रविवारी येते, स्वतः. तिनं विचारलं, "स्वतः म्हणजे कोणाबरोबर?" म्हटलं, "स्वतः म्हणजे चालवत." ती म्हणाली, "मग मी केस विंचरून बसते."

गुरुवार, ६ मार्च.

सराव नाही. गुडघा. शिवाय सगळंच शिकून गेलं तर मास्तरांना काय शिल्लक?

शुक्रवार, ७ मार्च.

मुलानं धाकटीतलं सामान वर आणलं. छत्री, टॉर्च, ह्यांचा गॉगल, माझी कधीची हरवलेली शाल. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "आई, तुला माहीत आहे कशाला." मला वाटतं लांबच्या प्रवासाला गाडी हलकी लागत असेल.

डिकीचं झाकण मात्र त्याला उघडता येईना. ते आपोआप वर यायचं म्हणून ह्यांनी दोरीनं बांधलं होतं, आणि ह्यांची गाठ ह्यांनाच सुटायची. मुलानं कात्री मागितली. मी म्हटलं, घरात कात्री नाही. सून शिवत बसली होती, तिनं हातातली कात्री मांडीखाली घातली. कधी कधी ती गुणी वागते.

शनिवार, ८ मार्च. कारखान्याचं कॅन्टीन.

धाकटीतूनच आलो. वाटेत ती जरा खोकली, चढावर मुलानं दोनदा देवाचं नाव घेतलं, पण आली. फाटकाशी एका माणसानं मुलाकडून त्याची किल्ली घेतली आणि गाडी मागच्या आवारात भिंतीशी लावली. तिथे पुष्कळ जुन्या गाड्या उभ्या आहेत. बरं झालं, तिला सोबत झाली. काचेवर खडूनं मोठी फुली मारली. इतक्या गाड्यांत ओळखायला सोपं.

मी बटव्यावर हात ठेवून बघितलं. किल्ली आहे.

कारखाना काय वर्णावा! आधी जड बूट दिले, पुढून लोखंडी. डोळ्यांना चष्मा, तो माझ्या चष्म्यावर. जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. माहिती सांगणारी मुलगी पुढे चालते आणि मागे न बघता ओरडते, "आजी, रेघेच्या आत!" तिला पाठीला डोळे आहेत.

माणसांपेक्षा लोखंडी हातच जास्त. मान वाकवतात, गाडीला चटका देतात, ठिणग्या उडतात, परत मान वर. कोणी चहाला जात नाही, कोणी कोणाला टोमणा मारत नाही. मला जरा भकास वाटलं.

एक गोष्ट फार आवडली. गाडी रंगवून आली की तिची दारं काढून घेतात. दारं वर टांगून वेगळ्याच रांगेनं जातात, गाडी वेगळ्या रांगेनं. मी विचारलं, अदलाबदल झाली तर? ती मुलगी म्हणाली, होत नाही आजी, शेवटी ज्या गाडीचं दार त्याच गाडीला येतं. मी ते मुलाला दोनदा ऐकवलं. म्हटलं, बघ, इथे कोणाचं कोणाला देत नाहीत. तो म्हणाला, "आई, पुढे चल."

पुढे एका जागी वरून गाडीचं अंग खाली येतं आणि खालून इंजिन वर येतं, आणि दोन्ही जोडतात. त्या जागेला इथले लोक लग्न म्हणतात! मी विचारलं, खडखड कधी सुरू होते? लगेच, की जरा दिवसांनी? ती मुलगी इतकी हसली की तिचीच एक चप्पल, म्हणजे बूट, रेघेबाहेर गेला.

जेवण बरं होतं. मीठ कमी. आता शाळा. भीती वाटतेय, पण तिसरीच्या परीक्षेलाही वाटायची आणि मी पास व्हायचे.

शनिवार. दुपार. शाळेचा बाक.

मास्तर तरुण आहेत, डोक्यावर हेल्मेट, आवाज मात्र लग्नात माईक मिळालेल्या मामासारखा. सगळ्यांचं लायसन्स बघितलं. माझ्याकडे मागितलं. म्हटलं, ते मिळवायलाच आले आहे. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलानं बुटांकडे बघितलं. मग मास्तरांनी नीट समजावलं. इथे गाडी चालवायला शिकवत नाहीत. ज्यांना चालवता येते त्यांना जोरात चालवायला शिकवतात, आणि घसरली तर सावरायला.

म्हणजे येणाऱ्यांची शाळा! मग न येणाऱ्यांनी कुठे जायचं?

तरी मास्तर चांगले. म्हणाले, शेजारी बसा. मी बसले आणि आधी खाली बघितलं, ह्या वेळी चुकले नाही. पेडलं दोनच! गिअरची मूठही नाही. छत्रीची सगळी मेहनत फुकट गेली. पण एका अर्थी निम्मं सोपं झालं.

रस्त्यावर मुद्दाम पाणी सोडतात. मास्तरांनी गाडी त्यात घातली आणि ती भोवऱ्यासारखी गरगरली. आकाश, भिंत, सून, आकाश, भिंत, सून. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. ते म्हणाले, आजी घाबरल्या नाहीत! मास्तरांनी एकच धडा दिला, तो मी पाठ केला. गाडी घसरली की जिकडे घसरते तिकडे बघायचं नाही, जिकडे जायचं आहे तिकडे बघायचं, गाडी आपोआप तिकडे येते.

मुलानं स्वतः चालवताना रस्त्यात मांडलेले तीन शंकू आडवे केले. मी एकही नाही.

शेवटी सगळ्यांना टोपी दिली. मलाही. म्हणजे पास. टोपी घातली आणि नातीला म्हटलं, येताना तू माझ्या गाडीत बस. तिनं नुसता माझा हात धरला. हात गार होता पोरीचा. पाण्यामुळे असेल.

ठराव: आता मुलाला त्याच्या बोलण्याची आठवण करून देणे. शांतपणे.

शनिवार. संध्याकाळ. नवी गाडी, मागची सीट.

आठवण करून दिली. मुलगा म्हणाला, "आई, मी ते असंच बोललो होतो." असंच म्हणजे कसं? सून म्हणाली, "अहो, चार दिवस थांबू या का?" तो म्हणाला, "आता कागद झाले."

मग मी बटवा घट्ट धरला आणि गाडी हवाली करणाऱ्या कारकुनासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, व्यवहार अडणार तुमचा. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती देणार नाही.

तो बिचारा उठून उभा राहिला. म्हणाला, "आजी, ठेवा तुम्ही ती. पुढे विकायची असती तर लागली असती. ही चालवायला घेतलेली नाही. ही भंगारात, वजनावर जाणार."

मग तो पुढच्या कागदावर शिक्का मारायला बसला.

आवारात गेले. सगळे माझ्या मागे. गाड्या उचलणाऱ्या एका यंत्राच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या धाकटीच्या पोटाखाली गेल्या होत्या. ती उचलली. चाकं लोंबत होती. मी इतकी वर्षं तिच्यात बसले, तिची चाकं अशी लोंबताना कधी बघितली नव्हती. डिकीची दोरी सुटली नाही. ह्यांची गाठ.

मास्तरांनी सांगितलं होतं तसं मी एकसारखी तिच्याकडे बघत होते. जिकडे जायचं तिकडे. तरी ती भिंतीमागे गेली.

ही नवी गाडी आवाज करत नाही. सीटला खळगा नाही. मी कुठे टेकू ते कळत नाही. मधूनच एक बाई बोलते, पट्टा लावा म्हणते. मी लावलेला आहे. तरी म्हणते. मुलगा आरशातून माझ्याकडे बघतो आणि मी बघितलं की रस्त्याकडे बघतो. म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात बघू, एखादा रविवार काढतो अक्कामावशीसाठी."

टोपी अजून डोक्यावरच आहे. नात म्हणाली काढ, टेकता येईल. म्हटलं, असू दे.

रविवार, ९ मार्च.

ठराव नाही.

अक्काचा फोन आला. म्हणाली, केस विंचरून झाले, खिडकीत बसले आहे, निघालीस का? म्हटलं, अगं, गाडी जरा कामाला दिली आहे. किती दिवस लागतील? म्हटलं, तसं काही सांगितलं नाही त्यांनी.

ती म्हणाली, "मग ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील की गं."

म्हटलं, कशी देतील? किल्ली माझ्याकडे आहे.