सुनेचा आवाज

स्टूरशेर बेट,
१४ मार्च १९६१

ती. साइमाआत्यास,
राइलीचा शि. सा. न. वि. वि.

बिर्गर मला त्याच्या आईपाशी ठेवून जहाजावर गेला, तो आता मे महिन्यातच परतेल. घरात मी, सासूबाई आणि पोटातलं बाळ. किनारा सोडला की बर्फ धड माणूस पेलत नाही, धड होडीला वाट देत नाही; टपालवाला तेवढा बर्फावरून होडी ओढत कसाबसा येतो. कळा लवकर सुरू झाल्या तर, या विचाराने घास उतरत नाही.

त्यातून या बेटावर सगळे स्वीडिशच बोलतात. सासूबाईंना फिनिश ओ की ठो कळत नाही. त्यांचं सगळं मला कळतं, पण उत्तर द्यायचं तर वाक्य आधी मनात बिनचूक जुळवते, आणि ते जुळेपर्यंत त्या उठून भांडी घासायला लागलेल्या असतात. पाच महिन्यांत हो, नाही आणि आभारी आहे, यापलीकडे मजल गेलेली नाही. त्यांनीही आता विचारायचं सोडलंय. मला फार भीती वाटते, आत्या.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी राइली

कुओपियो,
२१ मार्च

चि. राइलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेत माझ्याच वर्गात स्वीडिशमध्ये पहिली आलीस म्हणून मी गावभर मिरवलं, आणि तू सासूपुढे मिठाची गुळणी धरून बसतेस? चुकलीस तर तुझ्या सासूबाई, एडलाबाई, काय तुला वर्गाबाहेर उभं करणार आहेत? आपली माणसं मेली अशीच. चार भाषा शिकतात आणि चारींत गप्प बसतात.

थट्टा पुरे. माझ्याही जिवाला घोर लागलाय. रोज त्यांच्याशी चार वाक्यं बोल, मोडकीतोडकी चालतील. पोटाला जप आणि खुशाली कळवत जा.

तुझी आत्या

स्टूरशेर,
२ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

घाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. काल सासूबाई किनाऱ्यालगतच्या बर्फाखाली लावलेली मासळीची जाळी बघायला गेल्या आणि भरदिवसा असं धुकं उतरलं की अंगणातली विहीर दिसेना. मी किनाऱ्यावर धावले आणि तोंडाला येईल ते ओरडले, म्हणजे फिनिशमध्येच. बर्फ ठोकत चालायची त्यांची काठी जवळच वाजत होती, ती लांब जायला लागली. मी आणखी ओरडले, ती आणखी लांब गेली.

मग माझ्या लक्षात आलं. समोरच्या बेटावर तटरक्षकाची बायको राहते. सासूबाईंनी इथे फिनिश बोलताना ऐकलेली बाई ती एकच. सासूबाईंना वाटलं, हाक तिची, म्हणजे घर उलट्या दिशेला. आणि माझ्यापासून उलट्या दिशेला बर्फाखालून प्रवाह वाहतो, तिथला बर्फ पापडासारखा.

मी स्वीडिशमध्ये ओरडले. मी राइली, घर इथे, कॉफी इथे, सून इथे, जाऊ नका. तुझ्या वर्गात असते तर वही लालेलाल झाली असती. काठी थांबली. मग हळूहळू परत यायला लागली. गप्प बसले तर त्या पुन्हा चुकतील म्हणून मी बोलतच राहिले. शाळा, तू, बाळ, माझी भीती, सगळं सांगून टाकलं. त्या आल्या तेव्हा एक पाय मांडीपर्यंत भिजलेला होता. त्यांनी माझा हात धरला तो घरात येईपर्यंत सोडला नाही.

आमची काळजी करू नकोस असं लिहवत नाही. आठवण ठेव.
तुझी राइली

स्टूरशेर,
९ एप्रिल

साइमा विहीणबाईंना,
एडलाचा स. न. वि. वि.

तुम्हाला स्वीडिश येतं, म्हणून धीर करून लिहिते. राइलीने धुक्याचं कळवलंच असेल. जन्म बर्फावर गेला, बर्फाला मी फारशी भीत नाही. पण पाच महिने एका टेबलावर जेवलेल्या सुनेचा आवाज मला ओळखता आला नाही, हे आठवलं की अजून कापरं भरतं. आता ती दिवसभर बोलते. कान किटले तरी मी थांबवत नाही.

सुईण वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. बाळंतपण बहुधा माझ्याच हातून होईल. कळा असह्य झाल्या की बाई शिकलेली भाषा विसरते, आईच्या भाषेत ओरडते. तेव्हा राइली काय म्हणेल? पाणी, थांबा, श्वास कोंडतोय, मला धरा, हे तुमच्यात कसं म्हणतात ते उच्चारासकट लिहून पाठवा. तिला विचारलं तर ती घाबरेल, म्हणून तुम्हाला विचारते. तिने हाक मारली आणि मला पुन्हा कळली नाही तर, या भीतीने डोळ्याला डोळा लागत नाही.

लोभ सावकाश वाढवू, शब्द आधी पाठवा.
आपली,
एडला