तोदोरोविच, नऊ नंबर

क्लेनोवाच, १२ सप्टेंबर २००४

ती. रुझाताईस,
वेलिमिरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉफीचा पुडा पोचला. कॉफी शेजारणीने अर्धी संपवली. पत्र तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून तेवढं माझ्या वाट्याला पूर्ण आलं. यंदा आलुबुखार मोप आलाय, पण झाडं हलवायला माणूस नाही. ज्यांच्या दंडात जोर, ते सगळे तुमच्या व्हिएन्नात विटा उचलतात.

मुख्य बातमी आपल्या फुटबॉल क्लबची. 'ओराच' पंचाहत्तर वर्षांचा झाला आणि यंदाच संपणार. नियम तुला ठाऊक आहे. सात खेळाडू उभे राहिले नाहीत तर सामना गेला, आणि असे तीन गेले की संघटना क्लबाचं नाव यादीतून खोडते. आमचे दोन गेलेत. म्हणून समितीने ठरवलंय, शरदातला शेवटचा सामना कसाबसा खेळायचा आणि मग क्लब आपणहून बंद करायचा. हाकललेला नको, मानाने गेलेला बरा. अध्यक्ष बोरिवोये म्हणाला, मरण्याआधी निदान एक पुस्तक काढू. सचिव मी, त्यामुळे इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

१९२९ साल लिहून झालं. पाद्रीबाबांनी कुरण दिलं, मास्तरांनी क्रागुयेवात्सहून चेंडू आणला, आणि गोलचे खांब ओल्या बाभळीचे निघाल्याने वसंतात त्यांना पालवी फुटली. लढाईत गेलेल्यांची नावंही लिहिली, एकेक विचारून. पण १९६८ पाशी पेन अडलंय. ब्रेस्ताचविरुद्धचा तो सामना, ज्याने आपण वरच्या लीगमध्ये गेलो. मी तुला तेव्हा वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं. आहे का अजून? आपला धाकटा मिलुन त्याच हिवाळ्यात गेला, त्यामुळे त्या वर्षाचं घरात काहीच उरलं नाही.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
तुझा वेलिमिर

*

व्हिएन्ना, २३ सप्टेंबर २००४

चि. वेलिमिरास अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे तसेच. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे जिने पुसले, आता स्वतःचा चढवत नाही. रविवारी मात्र चर्चला जाते. वरच्या ताटात जिवंतांची मेणबत्ती एक, तुझी. खालच्या ताटात गेलेल्यांच्या तीन, आईची, बाबांची, मिलुनची. वरचं ताट असं ओस पडत चाललंय, तेव्हा तू जरा राकिया पिणं कमी कर.

कात्रण आहे, प्रार्थनेच्या पुस्तकात. उतरवून देते. "अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला व. तोदोरोविच याने डाव्या पायाने असा फटका मारला की गोलरक्षकाला वळायलाही सवड मिळाली नाही." छान लिहिलंय. फक्त डाव्या पायाने तू जन्मात कोंबडीसुद्धा हाकलली नाहीस. छत्तीस वर्षं मी हे गमतीत विचारते आणि दरवेळी तू हवापाण्यावर येतोस. यंदा आलुबुखार कसा आलाय ते तुझं सांगून झालंय, तेव्हा आता दुसरं काही सांग.

वाट बघते आहे.
तुझी ताई

*

क्लेनोवाच, ४ ऑक्टोबर २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीन वेळा लिहून फाडलं. आता एका दमात लिहितो.

तो गोल मी मारला नाही. मी मैदानातच नव्हतो. आदल्या दिवशी चेरीच्या झाडावरून पडून माझा घोटा सुजला होता आणि मी कोठीत लपून बसलो होतो. आपले प्रशिक्षक ग्वोझ्देनकाका सकाळी घरी आले. घोटा बघून त्यांनी आधी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, मग मिलुनकडे बघत राहिले. म्हणाले, कान तर दोघांचे एकाच साच्यातले आहेत. संघटनेने दिलेल्या माझ्या फोटोच्या कार्डावर मिलुनने खेळायचं ठरलं.

मिलुनला स्वतःचं कार्ड नव्हतंच, कारण लहानपणीच्या तापाने त्याचं हृदय कच्चं झालेलं. दरवर्षी तो डॉक्टरकडे खेळायच्या परवानगीचा शिक्का मागायला जायचा आणि दरवर्षी तसाच परत यायचा. मला हे माहीत होतं. मी बाविशीचा, तो एकोणीसचा. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, जा, बूट जरा घट्ट बांध.

सामन्याआधीची हजेरी तुला आठवते ना? रेफरी कार्ड हातात घेऊन आडनाव पुकारतो आणि खेळाडूने पुढे होऊन स्वतःचं नाव सांगायचं. रेफरीने पुकारलं, तोदोरोविच. मिलुनने सांगितलं, वेलिमिर. काका सांगत होते, पोराचा आवाज जराही हलला नाही. नव्वद मिनिटं तो मी होता.

घरी आला तेव्हा ओठ निळे होते आणि हसत होता. मला म्हणाला, अरे दादा, तू काय गोल मारलास, बघायला हवा होतास! जानेवारीत तो गेला. त्या सामन्यानेच गेला की नाही, हे डॉक्टर सांगू शकला नाही. मी सांगू शकतो. मयताला आलेल्या माणसांनीसुद्धा माझी पाठ थोपटली, म्हणाले, तुझ्या गोलाचं सुख तरी बघून गेला बिचारा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग छत्तीस वर्षं त्या गोलावर लोकांची दारू प्यालो. पुढे पुढे तर मीच तो रंगवून सांगायला लागलो. कधी कधी मला तो खरंच आठवतो, ताई.

आता पुस्तकात त्याचं नाव घालायचं म्हणतो. दुसरीकडे कुठेच तो खेळल्याची खूण नाही. क्लब गेला की सांगायची जागाही जाईल.

काय म्हणायचं ते म्हण, पण उत्तर दे.
वेलिमिर

*

व्हिएन्ना, १५ ऑक्टोबर २००४

वेलिमिरास आशीर्वाद. या खेपेला 'अनेक' लिहवत नाही.

मला माहीत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण घर काही आंधळं नसतं. आईलाही माहीत होतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ नंबरचा सदरा तिला मिलुनच्या उशाखाली सापडला, घामाने भिजलेला. तुझा घाम आणि त्याचा घाम तिला कळत नव्हता होय? धुऊन, वाळवून तिने तो काकांकडे पोचवला आणि कुणाला चकार शब्द काढला नाही. मयताला मी आले तेव्हा मोरीत नेऊन मला सांगितलं. म्हणाली, एक मातीत गेला, दुसऱ्याला मी लोकांच्या तोंडी देणार नाही. तो आपणहून बोलेल तेव्हा बोल, तोवर जीभ चावून बस.

ती बावीस वर्षं वाट बघत होती, वेलिमिर. दर रविवारी तुला सूप वाढताना तुझ्या तोंडाकडे बघायची. तू मीठ मागायचास. कार्ड दिलंस ते मी केव्हाच सोडून दिलं, त्याला खेळायचंच होतं आणि तो सुखात खेळला. पण आईला तू काही न सांगता जाऊ दिलंस, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

पुस्तकात त्याचं नाव घाल. बोरिवोये काही म्हणो.
रुझा

*

क्लेनोवाच, ९ नोव्हेंबर २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईच्या थडग्यावर नेऊन वाचलं. जे तिला सांगायचं होतं ते मोठ्याने सांगितलं. पलीकडे एक बाई पानं झाडत होती, तिने झाडू थांबवला. ऐकू दे.

पुस्तक छापून आलं. त्यात १९६८ चा गोल माझाच आहे. मी मिलुनचं नाव लिहिलं होतं, बोरिवोयेने खोडलं. म्हणाला, वेलिमिरदादा, पंचाहत्तर वर्षांत आपण एकदाच काही जिंकलो, तेही लबाडीने जिंकलो असं लिहून तू क्लबाच्या तिरडीवर थुंकणार का? मी भांडलो नाही, कारण तो रडत होता.

शनिवारी शेवटचा सामना झाला. सहाच जण जमले होते. मागच्याच आठवड्यात खबरदारी म्हणून बोरिवोयेने माझं कार्ड काढून ठेवलं होतं. डॉक्टरने माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या हृदयावर नळी न लावताच शिक्का मारला. शिक्का बघून मला बाहेर बाकावर बसावं लागलं. मिलुन ज्यासाठी दरवर्षी गाडीने जायचा, तो हा एवढासा शिक्का.

पाऊस होता. मी नऊ नंबरचा सदरा मागून घेतला, तो पोटावर पुरत नव्हता. रेफरी परगावचा, कुडकुडत होता. पुकारत पुकारत माझ्यापाशी आला. तोदोरोविच. मी पुढे झालो आणि सांगितलं, मिलुन.

आधी ठरवून गेलो नव्हतो, ताई, खरंच नाही. रेफरीने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. नाव जुळलं नसतं तर मी बाद, उरले सहा, सामना गेला आणि क्लब हाकललेलाच. बोरिवोयेच्या तोंडचं पाणी पळालं. तरी दुसऱ्यांदा माझ्या तोंडून तेच निघालं. मग बोरिवोयेच पुढे झाला आणि म्हणाला, बरोबर आहे, साहेब. मिलुन तोदोरोविच, नऊ नंबर. लिहा. कार्डावर चुकलंय. रेफरीने खांदे उडवले आणि लिहिलं.

अकरा शून्यने हरलो. मी डावीकडे उभा होतो. चेंडू एकदाच पायाशी आला, मी डाव्या पायाने मारला आणि तोंडावर पडलो. कुणी हसलं नाही. अहवालाची नक्कल सोबत पाठवतो, ओराचच्या सातजणांत सातवी ओळ बघ.

संत दिमित्रीच्या सणाला मेणबत्ती लावलीस का ते कळव. मला क्षमा करायची घाई करू नकोस.
तुझा वेलिमिर

*

व्हिएन्ना, २१ नोव्हेंबर २००४

चि. वेलिमिरास अनेक, अनेक आशीर्वाद.

अहवाल मिळाला. कात्रणाशेजारी ठेवला आणि दोन्ही एकदम वाचले. आता कागदावर पुरं झालं, तो तुझ्या नावाने जिंकला आणि तू त्याच्या नावाने हरलास. आईने तुम्हा दोघांनाही चपलेने बडवलं असतं.

आज चर्चला गेले. तुझी लावली वर, आई-बाबांची खाली. मिलुनची हातात राहिली आणि विचारांच्या नादात तीही वरच्या ताटात, तुझ्याशेजारी लावून बसले. मेणबत्त्या विकणारी बाई धावत आली. म्हणाली, आजी, हे ताट जिवंतांचं, तुमची चूक झाली. मी काढायला हात पुढे केला होता, पण मग मागे घेतला.

तिला म्हटलं, राहू दे गं. तो परवाच तर खेळलाय.

पडून कुठे लागलं असेल तर शेकत जा. नाताळाला मी घरी येतेय.
तुझी ताई