जहाजावरून अकरा मिनिटं

बाबा,

फोनचं बिल फ्रिजवर लावलंय. "समुद्रावर जाऊन गप्पा हाणल्या," असं काल म्हणालात. क्रूझवर चारही दिवस माझा फोन एरवी बंदच होता. मिनिटाचा दर नीट वाचूनच मी तो अकरा मिनिटांसाठी चालू केला, कारण तेव्हा आई कोठी भागातल्या दवाखान्यात बायॉप्सीसाठी एकटी बसली होती. माझा आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर, उपग्रहापर्यंत जाऊन तिच्याकडे पोचला. बेगम बाजारातलं आपलं दुकान त्या दवाखान्यापासून दोन किलोमीटरही नाही.

बिल मी माझ्या पगारातून भरीन. माफी मात्र मागणार नाही.

आज साडेदहाला आईला रिपोर्टसाठी नेतेय. दुकान हाताखालच्या संदेशवर सोपवून या. बाकावर तिच्या शेजारची जागा धरून ठेवते.

त्रिवेणी