पाठीमागचे सर

वर्तकनगर, ठाणे
४ ऑगस्ट २०२५

चि. मैथिलीस त्र्यंबककाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला शब्द लागत नाहीत आणि मोबाईलवर टाइप करायला बोटं ऐकत नाहीत, म्हणून तू अजून कागदावर लिहितेस, फार बरं वाटतं. तुझी आई परवा मानपाड्याहून आली होती. तिकडे कंपन्यांचा वास सुटला की ती खिडक्या लावून घेते, आणि मग उकडतंय म्हणून तुझ्या बाबांवर चिडते. बाकी ठीक.

पाच देशांनी हवाई वाहतूक नियंत्रकांचं प्रशिक्षण एकसारखं करायचं ठरवलं, हे वाचून ऊर भरून आला गं. आमच्या वेळी इथलं प्रमाणपत्र बाहेर कुणी हातात घेत नसे. आता इथे शिकलेलं माणूस तुमच्या बेटावर, तू बसतेस त्याच टॉवरमध्ये सरळ बसणार! आणि ते शिक्षण तोलामोलाचं आहे का, हे तपासणाऱ्यांत माझी पुतणी, माझीच विद्यार्थिनी. मोठी साहेबीण झालीस बाई.

माझी शेवटची विद्यार्थिनी संचिता त्यासाठीच्या चाचणीला तिकडे येते आहे. मोहने गावच्या देवरामची मुलगी. तिथली रेयॉनची कंपनी बंद पडल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणाला कायमची नोकरी लागते आहे. भूक लागली तरी बोलायची नाही ती, तेव्हा तूच जेवायला बोलाव.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.
तुझा,
त्र्यंबककाका


२१ ऑगस्ट

ती. काकांस मैथिलीचा सा. न. वि. वि.

संचिता आलीय. दोनदा जेवायला बोलावलं. पिठलं-भात खाल्ला आणि नको म्हणताना भांडी घासून गेली. गुणाची आहे हो. म्हणूनच पुढचं लिहवत नाहीये.

चाचणी सिम्युलेटरवर झाली, खोट्या विमानांच्या पडद्यावर. एकूण गुणांत ती पास आहे. पण धावपट्टीवर एक विमान उभं असताना दुसरं उतरायला आलेलं, आणि ही गप्प. घाबरली नव्हती, काका. पाठ खुर्चीला टेकवून कशाची तरी वाट बघत थांबलेली. बाकीच्या चार देशांतलं कुणी असं बसलं नाही. मला लगेच कळलं, कारण मीपण तशीच बसायचे.

आमचं काही सुटलं की तुम्ही मागून पेनाचं टोपण खुर्चीच्या पाठीवर दोनदा टेकवायचात. तोंडाने बोललात तर फॉर्मवर ‘प्रशिक्षकाचा हस्तक्षेप’ लिहावं लागायचं, आमचे गुण जायचे. टोपणाला रकाना नव्हता. आम्हाला वाटायचं, काय प्रेमळ सर आहेत! पण इथे चाचणीनंतर पाचही देश फक्त हस्तक्षेपाशिवाय केलेल्या सरावाचे तास मोजतायत. तिच्या तासांतले तिचे स्वतःचे किती, काका? मी १५ सप्टेंबरपर्यंत हरकत घेतली नाही, तर संचिता टॉवरमध्ये एकटी बसेल. खरं काय ते कळवा.

घरी सर्वांना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
मैथिली


२ सप्टेंबर

चि. मैथिलीस आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. टोपण टेकवलं म्हणजे मी काय उत्तर सांगितलं? नुसतं जागं केलं. माझ्या सरांनी मला ओरडून ओरडून लटपटायला लावलं होतं, मला तसा मास्तर व्हायचं नव्हतं. आणि माझ्या हाताखालच्या एकाच्याही हातून आजवर काही वावगं झालेलं नाही.

संचिता खुर्चीत बसली की महिन्याभरात सरावेल. तू हरकत घेतलीस तर ती एकटीच परत येणार नाही, इथल्या सगळ्या मुलांकडे पाचही देश संशयाने बघतील. देवराम काल पेढे देऊन गेला. त्याला काय तोंड दाखवू?

हरकत घेऊ नकोस. काका म्हणून नाही, सर म्हणून सांगतो आहे.

त्र्यंबक


१२ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

मी हरकत घेतली नाही. खरं सांगू, मलाही घ्यायची नव्हती. तुमचं पत्र हे निमित्त झालं.

बुधवारी सकाळी सव्वादहाला संचिता एकटी बसलेली. धावपट्टी तपासायला जीप गेलेली, तिनेच परवानगी दिलेली. मग तिनेच त्या पट्टीवर मालवाहू विमानाला उतरायला सांगितलं. मग तिला दोन्ही दिसली. टेपवर अकरा सेकंद कुणाचाच आवाज नाही. जीपमधले दोघे जागच्या जागी गेले. त्यातला एक रोज मला हात करायचा.

चौकशीत विचारलं, दिसल्यावर बोलली का नाहीस. ती इंग्रजी विसरूनच गेली, मराठीतच सांगत राहिली, आणि मी भाषांतर करत होते. म्हणाली, मला वाटलं मलाच चुकीचं दिसतंय, कारण मागून काहीच आलं नाही. काका, ते शेवटचं मी सांगितलंच नाही. गिळून टाकलं. तुम्हाला वाचवायला की मला, देव जाणे. आता सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर आलंय, खटला होणार म्हणतात. मी काय करू?

मैथिली


वर्तकनगर, ठाणे
२५ ऑक्टोबर

चि. मैथिली,

पत्र वाचलं आणि मोहन्याला गेलो. देवरामने पाणी दिलं आणि विचारलं, सर, माझी पोरगी हुशार होती ना? हो म्हणालो, आणि मग टोपणाचं सांगितलं. त्याच्या बायकोने मला जायला सांगितलं.

आज तिकडच्या चौकशी समितीला रजिस्टर पत्र टाकलं. काहीही लपवलं नाही. संचिताचं वाक्य तू गाळलंस, तेही लिहिलं. माझ्या हाताखालून एकोणतीस जण गेले. कुणाला किती वेळा सावध केलं ते मला आठवत नाही, म्हणून सगळ्यांची पुन्हा परीक्षा घ्या आणि तोवर एकालाही खुर्चीत बसवू नका, असं कळवलं आहे.

त्यात पहिलं नाव तुझं आहे. नऊ वर्षं तुझ्या मागे कुणी उभं नव्हतं आणि काही झालं नाही. ही तुझी हुशारी की नशीब, ते तुझ्या सरांनाच सांगता येत नाही. समितीचा हुकूम यायला दिवस लागतील. हे पत्र आधी मिळालं, तर कामावर जाऊ नकोस.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.
त्र्यंबककाका